न दिलेली हाळी

उद्या तुम्ही पहिल्यांदाच गवत पेटवणार आहात, म्हणून आज हे सांगतो. घडले ते माझ्याच चौकीवरच्या एका रखवालदाराच्या बाबतीत. त्याच्याकडून ऐकले तसे सांगतो. पदरचे काही घालत नाही.

नदीच्या मुखाशी पसरलेले आपले हे रान पावसाळाभर पाण्याखाली असते. पूर ओसरला की गाळावर पुरुषभर उंच गवत उठते. पाखरे त्यात घरटी करतात, हरिणी पाडसे लपवतात. वाळलेले गवत तसेच राहू दिले, तर काटेरी झुडपे माजतात आणि रान मरते. म्हणून जमीन ओली असतानाच आपण ते तुकड्यातुकड्याने जाळतो. परंतु त्याची रीत आहे. तीन बाजू पेटवायच्या, पाण्याकडची चौथी उघडी ठेवायची. काडी ओढण्यापूर्वी गवतातून फिरून हाळी द्यायची: ‘उठा रे उठा... आग येते... पाण्याकडे चला...’ आणि मग थांबायचे. आतला जीव न् जीव बाहेर पडेपर्यंत थांबायचे.

त्या दिवशी रखवालदार थांबला नाही. दुसऱ्या सकाळी मोठे साहेब पाहणीला येणार होते आणि काम मागे पडले होते. त्याचा जावई त्याच्याच हाताखाली नोकरीला होता. लग्नाला वर्षही झाले नव्हते.

जावई म्हणाला, “मामा, हाळी द्यायची राहिली.”

“राहू द्या, जावईबापू. हरणांना काय आमंत्रणपत्रिका छापायच्यात? चारी बाजू लावा. लवकर आटपेल.”

चारी बाजू पेटल्या. आतून कोणते आवाज आले, ते त्याने मला सांगितले नाही.

पौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते. जमिनीखाली मुळांत आग धुमसत राहिली तर पुढच्या वर्षीचे गवत जाते, आणि निखारा दिसतो तो अंधारातच. म्हणून जेवणे उरकून दोघे पुन्हा निघाले. लेक दारापर्यंत आली. तिला दिवस गेले होते.

“बाबा, यांना लवकर पाठवा. सकाळी दवाखान्यात जायचंय.”

“तुझ्या नवऱ्याला काय मी बाजारात विकायला नेतोय?” बाप म्हणाला. तिघेही हसले.

चंद्र वर आला तेव्हा सासरा-जावई जळालेल्या तुकड्याच्या मध्यावर पोहोचले होते. निखारा कुठेच नव्हता. हाताच्या मागच्या बाजूने जमीन चाचपली, तीही गार. वारा पडलेला. रातकिडासुद्धा बोलत नव्हता.

तेवढ्यात हाळी ऐकू आली.

‘उठा रे उठा...’

जावई थबकला. “मामा... तुम्ही ओरडलात?”

रखवालदार त्याच्या शेजारीच उभा होता. तोंड मिटलेले.

‘आग येते...’

आवाज त्याचाच होता. खर्जातला, शेवटाला किंचित फाटणारा. उभी हयात या रानात घुमलेला.

हसू नकोस, बाळ. कुणी मोबाईलवर वाजवले असेल, असे मीही म्हणालो होतो.

‘पाण्याकडे चला...’

जावई वळला. नदीकडे. चालू लागला, झोपेतल्या माणसासारखा.

रखवालदाराने हाक मारायला तोंड उघडले.

आवाज नाही.

पुन्हा...

काहीच नाही. घशातून नुसती हवा. त्याचा आवाज तिकडे होता. पुढे. अंधारात हाळी देत होता.

तो धावला. पडला. उठला. तोवर जावई पाण्यात. गुडघाभर. कमरेइतका. याने हात लांबवला. बोटांना सदऱ्याचे टोक लागले...

...

मग हाळी थांबली.

देह खालच्या वळणावर सापडला. लेकीने वडिलांना एवढेच विचारले, “बाबा, तुम्ही त्यांना हाक का नाही मारली?” त्या रात्रीपासून त्याच्या घशातून कुजबुजीपलीकडे काही निघत नाही.

ज्यांना वाचा नाही, त्यांच्यासाठीही बोलावे म्हणून ईश्वराने ती माणसाला दिली आहे. आपण मात्र ती आपल्या मालकीची समजतो.

सकाळी मी तिथे गेलो. राखेवर पावलांच्या खुणा होत्या. खुरांच्या, पंजांच्या, पाखरांच्या बोटांच्या. काही इतक्या लहान की माझ्या करंगळीच्या नखाखाली झाकल्या जाव्यात. सगळ्या त्या जळून खाक झालेल्या तुकड्याच्या आतून निघाल्या होत्या आणि पाण्याकडे गेल्या होत्या. परतलेली एकही नव्हती. रखवालदाराची पावले एका कडेने धावत गेलेली स्पष्ट दिसत होती. जावयाची मी शोधली. ती त्या खुणांच्या मागे नव्हती. पुढेही नव्हती.

कळपात चालावीत तशी, मधोमध होती.