सात नंबरची दुसरी सुई

सकाळी साडेआठला सात नंबरचे आजोबा घामाने चिंब होऊन खाटेवर कलंडले. रक्तातली साखर तळाला गेली होती. ग्लुकोज चढल्यावर डोळे उघडून म्हणाले, "इन्शुलिन दोनदा टोचलंत की. एकदा खाटेवर, एकदा टेबलापाशी."

कॉम्प्युटर म्हणत होता, एकदाच. आठ दहाला, थोरल्या सिस्टरांनी.

"दुसरंही यांनीच दिलं आणि नोंदवायला विसरल्या," कॉम्प्युटर विभागाचे साहेब म्हणाले. "कॉम्प्युटरच्या प्रशिक्षणात शंभरात बेचाळीस गुण. दुपारपासून स्टोअरला पाठवा यांना."

एकतीस वर्षं वॉर्डात काढलेल्या थोरल्या सिस्टर माउस चावेल अशा बेताने धरून उभ्या होत्या.

मेट्रनबाईंनी चष्मा चढवून थोरल्यांना विचारलं, "टोचण्याआधी काय पाहिलंत?"

"स्क्रीन. सात नंबर बाकी होता. मनगटावरची पट्टी स्कॅन केली, दिलं."

"टेबलापाशी?"

"स्कॅनरची वायर दोन हात, मॅडम. मी पेशंटलाच चालवत आणते."

साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. स्क्रीनवरची यादी पाहून त्या आठ नंबरकडे गेल्या.

"तुम्हाला आठ वाजून दोन मिनिटांनी इन्शुलिन मिळालंय."

"मला? सकाळपासून कुणी फिरकलं नाही."

त्याची साखर मोजली. साडेतीनशे.

मग बाईंनी ती नोंद करणाऱ्या धाकट्या सिस्टरांच्या सकाळच्या सगळ्या नोंदी काढल्या. सहा खाटा, एक मिनिट. गुडघे सांभाळत त्या स्वतः सहा खाटा फिरून आल्या. नुसतं चालायलाच दोन मिनिटं लागली. परतल्यावर त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर उलटं केलं. पाठीमागे सगळ्या पेशंटच्या पट्ट्यांच्या नकला ओळीने चिकटवल्या होत्या.

"सुई खाटेवर, स्कॅन इथे बसून," बाई म्हणाल्या. "टोचलं सात नंबरला, स्कॅन केली आठची नक्कल. म्हणून सात बाकी दिसला, थोरल्यांनी दिलं. आठ झालेला दिसला, म्हणून त्याला मिळालंच नाही. बरोबर, धाकट्या?"

धाकट्या सिस्टरांनी मान खाली घातली. "वायरची तक्रार चारदा केली, मॅडम. वर सगळ्यात जलद नोंदीचं बक्षीस मलाच."

त्या बक्षिसावर सही बाईंचीच होती. त्या म्हणाल्या, "थोरल्या इथेच राहतील. धाकट्या, झालेलं सगळं लिहून द्या. खाली सही मीही करते. साहेब, तक्रारींचं काय?"

"सोडवल्या असं दाखवतंय."

"मग न्या स्कॅनर आठ नंबरपर्यंत."

साहेबांनी ओढला. तिसऱ्या पावलाला प्लग निघाला आणि स्क्रीन काळी पडली.

थोरल्या सिस्टरांनी माउस खाली ठेवला, खिशातून पेन काढलं आणि इन्शुलिन घेऊन आठ नंबरकडे निघाल्या.