तीन नंबरची खुर्ची

डोरीन एचेव्हेरी दुपारी दोनला कामावर आली तेव्हा बाहेर बर्फ भुरभुरत होता. आत मात्र ना दुपार होती, ना बर्फ. नेवाडाच्या उत्तर टोकाला, सोन्याच्या खाणीवर जगणाऱ्या गावातला तो कसिनो. त्याच्या मागच्या अंगाला पोकरची खोली, चार टेबलांची, बिनखिडकीची. गालिच्यात मुरलेला सिगारेटचा जुना वास, कोपऱ्यात घरघरणारा हीटर, आणि बोटांत खेळवल्या जाणाऱ्या, पैशांऐवजी मांडायच्या चिप्सचा तो किडीनं लाकूड कुरतडावं तसा आवाज. सव्वीस वर्षं डोरीन तोच ऐकत आली होती. आता झोपेतही ऐकू यायचा.

तिनं काळं जाकीट चढवलं, सुजलेली बोटं गरम पाण्याखाली धरली आणि आरशाकडे न बघताच बाहेर आली. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मात्र नजर गेलीच.

व्हर्जिल स्टॅम्प्स जिवंत असता, तर आज परत आला असता.

व्हर्जिल खाणीवर ट्रक चालवायचा. घराएवढाले ट्रक. निवृत्त झाल्यापासून रोज दुपारी यायचा, एक नंबरच्या टेबलावर तीन नंबरच्या खुर्चीत बसायचा, आणि हरला की पत्ते वाटणाऱ्या डीलरला झोडपायचा. म्हणजे तोंडानं. पत्ते परत द्यायचा तेही सरकवून नाही, फेकून. कड नेमकी डीलरच्या बोटांच्या सांध्यावर बसेल अशी. "ए बये, पत्ते वाटतेस की कबर खणतेस?" हे त्याचं ठरलेलं. टेबलावरचे हसायचे. खोली सांभाळणारा वेंडेलही हसायचा आणि मागाहून डोरीनला म्हणायचा, "जाऊ दे ग. रोजचं गिऱ्हाईक आहे. तुझ्या अंगाला का भोकं पडतात?"

भोकं पडत नव्हती. डोरीनला कामाची रीत पाठ होती. तिला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या डीलरनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं: शिवी ऐकायची, पण उचलायची नाही. हात थांबवायचे नाहीत. आवाज चढवायचा नाही. एकदा गोडीत सांगायचं, दुसऱ्यांदा रोखठोक सांगायचं, आणि तिसऱ्यांदा काही म्हणजे काही न बोलता हात वर करून फ्लोअरला, म्हणजे खोली सांभाळणाऱ्याला, हाक मारायची. पुढचं त्यांचं ते बघतील. तू फक्त पत्ते वाट.

ती फक्त पत्ते वाटत आली होती. महिन्यापूर्वीच्या त्या दुपारपर्यंत.

त्या दुपारी व्हर्जिलनं सांध्यावर नव्हे, तोंडावर फेकले. एका पत्त्याची कड डोळ्याखाली लागली आणि हिरव्या कापडावर रक्ताचे दोन थेंब पडले. डोरीननं गड्डी खाली ठेवली, हात वर केला. रक्त दिसत होतं म्हणून वेंडेललाही "जाऊ दे" म्हणता येईना. त्यानं तीस दिवसांची बंदी घातली.

व्हर्जिल उठला. टोपी हातात घेऊन उभाच राहिला. भांडला नाही, ओरडला नाही. फक्त एवढंच म्हणाला, "तीस दिवस? मग मी जाऊ कुठं?"

कुणी उत्तर दिलं नाही. डोरीननंही नाही. ती कापडावरचं रक्त टिपत होती.

तिसऱ्या दिवशी, पलंगाच्या कडेवर बसून बूट चढवता चढवता, त्याचं हृदय थांबलं. असं डॉक्टर म्हणाले. कळलं ते बाराव्या दिवशी, गॅसची टाकी भरणारा माणूस त्याच्या ट्रेलरपाशी, म्हणजे चाकांवरच्या पत्र्याच्या घरापाशी, आला तेव्हा. गावात चार दिवस बोलणं झालं, मग ते बर्फाखाली गेलं. डोळ्याखालची जखमही भरून आली. मात्र डोरीनला तेव्हापासून एक जडपणा आला होता. भीती नव्हे, रडूही नव्हे. नुसता थकवा, उठताना गुडघ्यांत आणि बसताना मानेत.

टेबलावर बसली तेव्हा पाच खेळाडू होते. तीन नंबरची खुर्ची रिकामीच होती. कुणी मुद्दाम ठेवली होती असं नाही, पण महिनाभर कुणी बसलं नव्हतं एवढं खरं.

सव्वादोनच्या सुमाराला ओडेगार्डबाई आल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, लुथरन चर्चमध्ये ऑर्गन वाजवून निवृत्त झालेल्या. पिशवीत विणकाम आणि डब्यात लिंबाची बिस्किटं. हरल्या तरी डीलरला "थँक्यू" म्हणणाऱ्या या खोलीतल्या त्या एकट्याच. बर्फ फार असला की डोरीन त्यांना आपल्या गाडीतून घरी सोडायची.

"इथं बसू ना ग, डोरीन?" त्यांनी तीन नंबरच्या खुर्चीवर हात ठेवला.

डोरीनच्या ओठांवर "नको" आलं होतं. पण नको म्हणायला कारण लागतं. "बसा की," ती म्हणाली.

पहिला डाव नीट झाला. दुसऱ्या डावात बाईंनी पत्ते टाकले, आणि ते सरकत आले नाहीत. उडत आले. गड्डीला लागून खाली पडले.

हात निसटला असेल, डोरीनला वाटलं. म्हातारी बोटं.

तिसऱ्या डावात कड सांध्यावर बसली. नेमकी. जिथे महिनाभरापूर्वीपर्यंत रोज बसायची तिथेच.

डोरीननं वर पाहिलं. ओडेगार्डबाई टेबलाकडेच बघत होत्या. हात मांडीवर, मान जराशी तिरकी. चेहरा तोच, सायीसारखा मऊ. आणि त्या चर्चमध्ये बोलावं तशा हलक्या आवाजात म्हणाल्या,

"पत्ते वाटतेस की कबर खणतेस, बये?"

टेबल खो खो हसलं. "वा, आजी!" खाणीवरचा रस्क म्हणून एकजण होता, त्यानं मांडीवर थाप मारली. "व्हर्जिलची गादी चालवणार तर तुम्ही!"

डोरीन हसली नाही. हीटर घरघरत होता, रस्कच्या कपाळावर घाम होता, आणि बाईंच्या तोंडातून वाफ निघत होती. बाहेर, बर्फात उभं राहिल्यावर निघते तशी. त्या वाफेला डिझेलचा वास होता.

हात थांबवायचे नाहीत. डोरीननं पत्ते पिसले.

"ओडेगार्डबाई," ती गोडीत म्हणाली, "पत्ते नुसते पुढे सरकवा. मी घेते."

पुढचे पत्ते छातीवर येऊन आदळले.

"बाई, असं चालणार नाही. पुन्हा झालं तर मला फ्लोअरला बोलवावं लागेल."

"बोलव ना..." तोच मऊ आवाज. "तुला दुसरं येतंय काय..."

आता कुणी हसलं नाही. रस्क आपल्या चिप्सकडे बघू लागला. डोरीननं गड्डी खाली ठेवली आणि हात वर केला. तो हात तिला शिशाचा वाटला.

वेंडेल आला, पँट वर ओढत, वैतागलेला. "आता काय? अगं, या तर ओडेगार्डबाई आहेत!"

म्हातारीनं मान वर केली. वेंडेलकडे बघितलं. बघता बघता दोन्ही हात छातीशी नेले आणि जणू त्यांत टोपी धरलीय तशी बोटं वळवली.

"तीस दिवस?" ती म्हणाली. "मग मी जाऊ कुठं?"

वेंडेलच्या चेहऱ्याचा रंग उतरला. ते वाक्य ऐकलं तेव्हा तो तिथेच उभा होता. "मी... मी कॉफीचं बघतो," असं काहीतरी पुटपुटला आणि मागच्या मागे निघून गेला. खेळाडूही एकेक करून उठले. रस्क शेवटचा. जाताना त्यानं डोरीनच्या खांद्याला हात लावला.

टेबलाशी दोघीच उरल्या. डोरीनचे हात थांबले होते. सव्वीस वर्षांत खेळ चालू असताना ते असे कधी थांबले नव्हते.

"नऊ दिवस," समोरून आवाज आला. "नऊ दिवस मी तिथं... आणि दारावर कुणी टकटक केली नाही."

"मला ठाऊक नव्हतं, व्हर्जिल."

नाव तोंडातून गेलं आणि तिच्या लक्षात आलं, की आपण घाबरलेलो नाही. घाबरायलाही जोर लागतो. तो कुठून आणायचा?

"कोण आलं नाही, कोण उठून गेलं... डीलरला ठाऊक असतं सगळं."

"दमलेय रे मी," डोरीन म्हणाली. "तू रोज बोलायचास. तुझ्या आधी दुसरा बोलायचा, त्याच्या आधी तिसरा. माझी आई गेली त्या आठवड्यातही मी इथं बसून तुमची बोलणी ऐकली. बंदी घातली त्याचं मला वाईट वाटत नाही. ती तू कमावली होतीस. पुन्हा फेकलेस तर पुन्हा हात वर करीन." तिनं डोळे मिटून उघडले. "पण तू विचारलंस तेव्हा कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं. आणि दार वाजवायला हवं होतं. तेवढं माझं चुकलं. येईन मी. आज येते. मग तरी या बाईंना सोड."

मग वाफ थांबली. म्हातारीचे खांदे सैल पडले, ओठ हलले.

"माझी पाळी का?" ओडेगार्डबाईंनी विचारलं. आजूबाजूच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघून गोंधळल्यासारख्या झाल्या. "सगळे गेले वाटतं. मीही निघते."

त्यांनी बिस्किटांचा डबा टेबलावरच ठेवला, खुर्ची नीट आत सरकवली. डोरीननं गाडीचं विचारलं तर नको म्हणाल्या. आपण चालतच जाऊ, चालायला बरं वाटेल.

वेंडेलकडे डोरीननं सुट्टी मागितली नाही, नुसतं सांगितलं. त्यानं मान हलवली. डोळ्याला डोळा भिडवला नाही.

चार वाजता ती ट्रेलरपाशी पोचली. गावाच्या शेवटाला, तारेच्या कुंपणाला लागून तो पिवळट पत्र्याचा डबा एकटाच उभा होता. उजेड होता अजून, दुधात पाणी घातल्यासारखा. पायऱ्यांवर गुडघाभर बर्फ, त्यावर पाखराचंसुद्धा पाऊल नव्हतं. दाराला बाहेरून कुलूप होतं, कुलपावरही बर्फाची टोपी.

पाय उचलत, श्वास घेत डोरीन पायऱ्या चढली. हातमोजा काढला. तीनदा टकटक केली.

"व्हर्जिल, आले मी."

वारा पत्र्यावरून घासत गेला. बाकी काही नाही. ती थांबली, आणि महिन्यात पहिल्यांदाच तिच्या मानेतला तो जडपणा किंचित उतरला. झालं. बोलल्याप्रमाणे आले, टकटक केली. आता घरी जाऊन सूप गरम करायचं आणि झोपायचं. ती वळली.

"डोरीन...?"

आवाज आतून आला होता. व्हर्जिलचा नव्हता. मऊ, हलका, चर्चमध्ये बोलावं तसा.

"डोरीन, तूच ना ग? किती बरं झालं बाई... मला इथं फार गार लागतंय. अंधार आहे. दार बाहेरून लावलंय का कुणी?"

डोरीननं कठडा धरला. ओडेगार्डबाई पायी निघून तास झाला असेल. उलट्या दिशेला. आणि या बर्फावर एकही पाऊल नव्हतं.

तिनं खिशातून फोन काढला. बोटं वळत नव्हती. ओडेगार्डबाईंच्या घरचा नंबर लावला. एकदा वाजला. दोनदा. उचलू नका, तिला वाटलं. देवा, कुणी उचलू नये.

फोन उचलला गेला.

"हॅलो?" तोच मऊ आवाज. मागे कुठेतरी किटली शीळ घालत होती.

"ओडेगार्डबाई... पोचलात तुम्ही घरी?"

"पोचले की, बये." जरा थांबून, अगदी समाधानानं, "ऊब आहे ग इथं. थँक्यू हं."

फोन हळूच ठेवला गेला.

डोरीन तशीच उभी राहिली. दाराच्या आतल्या बाजूनं कुणीतरी, शेजाऱ्यांना त्रास नको अशा बेतानं, तीनदा टकटक केली.