कंट्रोल फिका पडतोय

लॅबचं दार ढकललं, तर एक अनोळखी मुलगा माझ्या टेस्ट ट्यूब्सवर वाकलेला.

"काय जांभळा रंग आहे..." तो दचकून म्हणाला.

"लांबून बघ."

आणि त्याच आठवड्यात घोटाळा सुरू झाला.

विसराळूपणावरची औषधं फ्री रॅडिकल्सना, म्हणजे पेशी नासवणाऱ्या उपद्रवी कणांना, आवरतात का, हे मी तपासत होते. त्या कणांच्या जांभळ्या द्रावणात औषध घातलं, की रंग पिवळा व्हायला हवा. औषध न घातलेली ट्यूब म्हणजे कंट्रोल; ती जांभळीच राहायला हवी. माझा मेला कंट्रोलच फिका पडत होता.

"पुन्हा असं झालं तर विषय बदलायचा, रुचिरा," माझ्या गाइड सुमती मॅडमनी बजावलं. म्हणजे वर्षभराची मेहनत पाण्यात.

संशय एकावरच. तोच ट्यूब्सवर वाकलेला निनाद, उरणच्या कोळीवाड्यातला, आता समोरच्या टेबलावर औषधाच्या गोळ्या बनवणारा. मी बघितलं की मान खाली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

"सारखं इकडे काय बघतोस?"

"घड्याळ..."

"ते तुझ्या पाठीमागे आहे."

त्याचे कान लाल झाले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं — आणि स्वतःचाच राग आला.

एका दुपारी मी कपाटाआड लपले. निनाद आला. ट्यूबला शिवलासुद्धा नाही. माझ्या टेबलापुढचा, उजेड अडवणारा काळा पडदा हळूच बोटभर सरकवला आणि जागेवर जाऊन बसला. खिडकीतलं ऊन थेट ट्यूब्सवर... उजेडात ते द्रावण आपोआप फिकं पडतं!

मी त्याला तसाच मॅडमपुढे नेला. "यानेच केलं. मुद्दाम."

त्याचा चेहरा पडला. "उजेडाने बिघडतं, हे मला माहीतच नव्हतं. चूक माझी आहे, मॅडम. हिचा विषय नका बदलू."

"पण पडदा सरकवायचास कशाला?"

घाबरून तो घरच्या बोलीवर आला. "पडद्याआड ही दिसत नाय ना..."

मॅडम चष्मा पुसू लागल्या. "प्रयोग पुन्हा कर, रुचिरा. याचं काय करायचं, ते तू बघ."

बाहेर आल्यावर मी त्याला निरखत राहिले. वेळ मारून न्यायला थाप तर मारली नसेल?

"पडद्याआड एक स्टूल रिकामं असतं," मी म्हटलं. "पण अंधार असतो. मी दिसणार नाही."

"बाजूला असलीस, तर बघायला कशाला पायजे?"

माझा संशय फिटला.