आकुर्डीचे चार खांब

शनिवारी दुपारी भिमाजी इंदुताईंच्या ओसरीवर चढला तो चपला न काढताच. दारातूनच त्यानं बातमी फेकली, "ताई, आमचे गोल चोरीला गेले!"

"किती?" उद्धवरावांनी विचारलं. "पण सामना तर उद्या आहे ना?"

"मारलेले न्हवं मास्तर, रोवलेले! चार खांब, दोन आडवे दांडे, समदं गायब. मैदान कसं न्हाव्याकडून उठून आल्यासारखं दिसतंय."

उद्धवराव इंदुताईंचे धाकटे भाऊ, शाळेत ड्रिल मास्तर. शिट्टी त्यांच्यासारखी तालुक्यात कुणी फुंकत नसे. विचार करण्याचं काम मात्र त्यांनी लहानपणापासून ताईकडे सोपवलेलं. इंदुताई वकिलाच्या लेक. वडिलांच्या पक्षकारांच्या थापा माजघराच्या दाराआडून ऐकतच त्या मोठ्या झाल्या, आणि कुठली थाप कुठे उसवते हे त्यांना तिथेच कळलं. आता चिंचवड स्टेशनाजवळच्या त्यांच्या घरावर 'खासगी तपास' अशी पाटी होती. ती पाटी वाचून खो खो हसणारेच अडले की सगळ्यांत आधी येत.

उद्धवरावही नुकतेच घरात शिरले होते. आकुर्डीच्या शालनबाईंच्या नातीचं आज संध्याकाळी लग्न, त्याचं दुपारचं जेवण हाणून ते आले होते. त्यांच्या काळ्या कोटाच्या पाठीवर हा भला मोठा पांढरा पट्टा उठला होता.

"जेवण असं झालं ताई, की मांडवातच टेकून एक डुलकी काढली. काल एवढासा होता मांडव, आज बघतो तर केवढा! हात वर केला तरी छताला लागेना." कोट काढून ते झटकायला लागले.

"घरात नको रे उद्धवा. आधी भिमाजीचं ऐकू दे." ताई भिमाजीकडे वळल्या. "संशय कुणावर?"

"संशय कसला, खात्री हाय! ज्योतीराम शेठ!"

भिमाजी नगरकडचा, इथे कंपनीत फिटर. आठवडाभर मशीनशी झुंजायचं आणि रविवारी आकुर्डी फुटबॉल क्लबच्या नावानं घसा फोडायचा, हा त्याचा नेम. क्लब मात्र शेठचा, साबणाच्या कारखान्याच्या मालकाचा. कारखाना वर्षभरापासून गाळात चालला होता.

"मागल्या साली क्लबचा तंबू दुरुस्तीला गेला, त्यो अजून दुरुस्तच होतोय," भिमाजी बोटं मोडत म्हणाला. "जर्सी धुवायला गेल्या, त्या काशीलाच पोचल्या असतील. आता ह्यो मैदान इकून मोकळा होणार. पिंपरीला औषधांचा कारखाना आल्यापासनं मुंबईची माणसं जमिनी हुंगत फिरत्यात."

"पण मैदानाची जमीन शेठची आहे?"

"न्हाई, शालनबाईंची. खेळ चालू हाय तोवर क्लबची, अशी पंचांसमोर बोली झालीय. उद्या चारला खडकीचा संघ येणार. गोल नसले की सामना त्यांचा. एकदा असं झालंय. दुसऱ्यांदा झालं की लीगमधनं नावच कटतं." त्याचा आवाज एकदम खाली आला. "मग खेळ बंद, मैदान बंद. आमी रविवारी जायाचं कुठं ताई?"

इंदुताई उठल्या. उद्धवरावांनी पुन्हा कोटाला हात घातला.

"राहू दे आता," ताई म्हणाल्या. "तसाच घाल आणि चल."

मैदान आकुर्डीच्या वेशीवर होतं. एरवी तिथे गुरं चरत, संध्याकाळी पोरं खेळत. गोलकीपर सयाजी चुन्याची बादली पुढ्यात घेऊन मधोमध बसला होता. घरचं कुणी गेल्यासारखा त्याचा चेहरा.

"काल सांजच्याला सराव झाला तवा खांब होते," तो म्हणाला. "आज दुपारी चुना मारायला आलो तर हे. मीच ओरडलो पहिल्यांदा. त्याआधी कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं."

खांब जिथे होते तिथे इंदुताई उकिडव्या बसल्या. खड्डे बुजवलेले. नुसते बुजवलेले नाहीत, माती घालून, चोपून, सारखे केलेले. आणि प्रत्येकावर एकेक चपटा दगड ठेवलेला.

"लाकडाचा भुसा दिसला कुठं? करवतीचा?"

"न्हाई. अख्खेच उपटून नेले."

"सयाजी, खडकीचा संघ तुला बोलावतोय म्हणे?"

सयाजी लाल झाला. "बोलावतोय. बूटसुद्धा देतो म्हणाले. मी अजून हो म्हणलेलो न्हाई."

जरा बाजूला जाताच उद्धवराव कुजबुजले, "ताई, सापडला! उद्याचा सामना खडकीला फुकटात, ह्याला नवे बूट!"

"हं. आणि चोरी झाल्यावर खड्डे चोपत बसला? कशासाठी?"

उद्धवरावांनी विचार केला. म्हणजे, कपाळाला आठ्या घातल्या.

साबणाच्या कारखान्यात भट्टी थंडगार होती. ज्योतीराम शेठ एका पालथ्या खोक्यावर बसले होते. अंगावरचा सदरा इस्त्रीचा, पण कॉलर विरलेली. भिमाजीला पाहताच त्यांनी तोंड फिरवलं.

"या इंदुताई. बसायला सांगितलं असतं, पण खुर्च्यांवर सकाळीच जप्ती आली. कोर्टाचा बेलीफ आला होता. कढया, साचे, तराजू, माझी खुर्ची. मी ज्या खोक्यावर बसलोय तेवढं सोडलं, फुटकं म्हणून."

"क्लबचं काही नेलं?"

"क्लबचं काय आहे, तेही दाखवा म्हणाला. घेऊन गेलो मैदानावर. म्हटलं, बघ बाबा, गवत जप्त करायचं तर कर. तिथं लिहायला होतं काय? परत गेला हात हलवत." शेठ हसले, पण त्या हसण्यात काही दम नव्हता.

"मग गोल चोरीला गेल्याचं कधी कळलं?"

"दुपारी. ह्या भिमाजीनं फाटकाबाहेर उभं राहून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तेव्हा."

"करीनच!" भिमाजी उसळला. "तंबू कुठाय आमचा? सांगा ना!"

शेठनी विरलेली कॉलर सारखी केली.

"बघा ताई! असंच करतोय. इचारलं की दगड!"

"आणि तुमचं काय हो?" शेठही भडकले. "गेल्या रविवारी चौकात कोण बोंबलत होतं, शेठनं क्लब सोडेस्तोवर एक सामना होऊ देणार नाही म्हणून? खांब तुमच्याच टोळक्यानं पळवले, मला खाली बघायला लावायला!"

उद्धवराव आळीपाळीनं दोघांकडे पाहत राहिले. दोघांचंही म्हणणं त्यांना पटलं. बाहेर पडल्यावर ते म्हणाले, "भिमाजीच असेल गं. स्वतःच चोरायचं आणि स्वतःच तुझ्याकडे यायचं. किंवा मग शेठ. दोघांपैकी एक नक्की."

"तू दिवसभरात पहिल्यांदाच काहीतरी बरोबर बोललास," इंदुताई म्हणाल्या. उद्धवराव खूश झाले. कशाबद्दल, ते त्यांना कळलं नव्हतं.

शालनबाईंच्या दारात लग्नाची धांदल. हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, अशा शालनबाई एकाच वेळी आचाऱ्याला रागवत होत्या आणि पाहुण्यांना हसत होत्या.

"खेळ बंद पडला तर जमीन तुमच्याकडे येईल ना?" इंदुताईंनी सरळच विचारलं.

"व्हय, तसंच ठरलंया. मुंबईचा त्यो टोपीवाला दोनदा उंबरा झिजवून गेला. म्या म्हनलं, पोरं खेळत्यात, अजून न्हाई."

"त्या गोलांना किती वर्षं झाली असतील?"

"लई झाली. आमच्या बांधावर साग व्हता, त्याचंच लाकूड त्ये. धनी म्हनलं, पोरं दगडं मांडून खेळत्यात, बरं न्हाई दिसत. तोडला साग आन् दिला खेळाला."

"ते लाकूड आज कुणी नेलं असेल?"

"मी काय राखन बसले व्हते? लग्नघर हाय बया!"

"खरंय. मांडव मात्र छान झाला."

"पाव्हणं वाढलं, म्हून पहाटं मोठा करून घेतला. थेरगावची मानसं व्हती, झटक्यात केला." तेवढ्यात कुणीतरी तांदळाची हाक मारली आणि शालनबाई किल्ल्या वाजवत आत पळाल्या.

गोरज मुहूर्तावर अक्षता पडल्या. पंगती उठल्या, वाजंत्रीवाले जेवायला बसले, तशी इंदुताईंनी शेठ, भिमाजी, सयाजी आणि शालनबाई यांना मांडवाच्या कोपऱ्यात बोलावलं. शेठ आणि भिमाजी दोन टोकांना, मधे उद्धवराव, भारत-पाक सीमेवरच्या शिपायासारखे ताठ.

"चोर मला खड्ड्यांनीच सांगितला," इंदुताई म्हणाल्या. "खांब विकायचे असते तर कापून नेले असते, न्यायला सोपे. क्लब बुडवायचा असता तर खड्डे उघडे टाकले असते. ह्यानं ते चोपून बुजवले. कारण त्या जागी कुणाचा पाय मुरगळू नये, एवढी त्याला काळजी. वर दगड ठेवले. कारण खांब पुन्हा तिथेच रोवायचे, ही खूण. म्हणजे सामना व्हावा असं वाटणाऱ्यानंच गोल नेले."

"मग शेठ न्हवंच!" भिमाजी म्हणाला.

"शेठच."

भिमाजीची मान गर्रकन शेठकडे वळली.

"शेठ, तुम्ही म्हणालात, गोल गेल्याचं तुम्हाला दुपारी कळलं. पण सकाळीच तुम्ही बेलिफाला मैदानावर घेऊन गेलात आणि तिथं लिहायला काही नव्हतं. सयाजीनं तर ओरड दुपारी केली. उद्या सामना, आज मैदान ओकंबोकं, आणि मालक ते बघून गप्प घरी येतो? खांब नाहीत याचं तुम्हाला आश्चर्य वाटलं नाही. कारण ते नसावेत, म्हणूनच तुम्ही थेरगावच्या मांडववाल्यांना घेऊन पहाटे खपला होतात. बेलिफाच्या हाती लागू नयेत म्हणून."

शेठनी मान खाली घातली.

"पण ठेवले कुठं?" सयाजी कळवळून म्हणाला. "एवढा लांब दांडा लपणार कुठं?"

"उद्धवा, वळ."

उद्धवराव वळले. दिवट्यांच्या उजेडात त्यांच्या पाठीवरचा पांढरा पट्टा लख्ख दिसला.

"हा गृहस्थ दुपारी ह्या मांडवात टहाळे सारून खांबाला टेकून झोपला. मांडवाच्या खांबाला कुणी चुना लावतं का? चुना लागतो गोलाच्या खांबाला. रात्रीतून वाढलेला मांडव, हात पोचत नाही इतका उंच. आंब्याचे टहाळे काढून बघ सयाजी."

सयाजीनं जवळच्या खांबावरचे टहाळे आणि रंगीत कागद ओरबाडले. खाली जुना, पोपडे धरलेला चुना. त्यानं त्या खांबाला चक्क मिठी मारली.

"म्हणजे पुरावा दिवसभर माझ्याच पाठीवर होता?" उद्धवराव हळूच म्हणाले.

"जप्तीपासून माल लपवणं हा गुन्हा आहे, इंदुताई," शेठ म्हणाले. "म्हणून बोललो नाही. उद्या सकाळी गुपचूप रोवणार होतो."

"आमाला सांगायचं ना!" भिमाजी ओरडला. "आमी रात्रभर खांद्यावर घेऊन उभे राहिलो असतो!"

"तुम्हाला? आधी चौकात बोंब मारली असतीत."

भिमाजीनं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "तंबू?"

"विकला. तुमच्या लीगच्या फीला. जर्सीही. लाज वाटली सांगायला."

"आता पोलिसांत जायचं का ताई?" सयाजीनं घाबरून विचारलं.

"कशाला? जप्ती शेठच्या मालावर होती. हे खांब शेठचे होतेच कधी?" इंदुताई शालनबाईंकडे वळल्या. "बाई, तुम्ही साग कुणाला दिला होता?"

"खेळाला. शेठला न्हाई, कुनालाच न्हाई," शालनबाई म्हणाल्या. "काल ह्यो आला, म्हनला मांडवाला खांब देतो, पर कुनाला बोलू नगा. मला वाटलं, माझंच लाकूड माझ्या दारी, त्यात चोरी कसली! जप्तीबिप्ती काय ठावं मला?"

शेठ शालनबाईंकडे बघतच राहिले. एवढी चोरी करून त्यांनी मालकिणीचा माल मालकिणीच्या दारात आणून ठेवला होता.

"मुहूर्तमेढ उंबराची हाय, ती तेवढी ऱ्हाईल," शालनबाई पुढे म्हणाल्या. "बाकीचं उद्या सकाळी न्या."

रविवारी सकाळी सयाजीनं दगड बाजूला केले. आडवा दांडा लांबच लांब, एकट्यानं उचलण्यातला नव्हता. एका टोकाला भिमाजी लागला; दुसऱ्या टोकाला, कुणी न सांगता, ज्योतीराम शेठ. आकुर्डीच्या रस्त्यानं दोघं एकमेकांशी अवाक्षर न बोलता चालले. फक्त वळणावर भिमाजी म्हणाला, "शेठ, डावीकडं." आणि शेठ डावीकडे झाले.

सामना बरोबरीत सुटला. खडकीचा एक सणसणीत फटका खांबाला लागून परतला, तेव्हा एक चुकार आंब्याचं पान गळून सयाजीच्या डोक्यावर पडलं. नाव लीगमध्ये राहिलं. सयाजी नव्या बुटांबद्दल काही बोलला नाही, अनवाणीच नाचला.

संध्याकाळी प्रश्न आला, खांब ठेवायचे कुठे? बेलीफ पुन्हा येणारच होता.

"शेठकडं न्हाई," भिमाजी म्हणाला.

"ह्याच्याकडे तर मुळीच नाही," शेठ म्हणाले.

"माझ्या अंगनात टाका," शालनबाई म्हणाल्या. "दर रईवारी दोघांनी मिळून न्यायचं, दोघांनी मिळून आनायचं. एकटा आला तर मी द्यायची न्हाई."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि वाकून दांड्याची दोन टोकं उचलली.

इंदुताई घराकडे निघाल्या. मागून उद्धवराव कोट हातावर धरून, पट्टा अजून जसाच्या तसा जपत येत होते.

"ताई, आता?"

"आता झटक," इंदुताई म्हणाल्या.