मागच्या गाडीनं ये

नंदकिशोर देशपांडे यांचा कुणावरच विश्वास नव्हता. चहात साखर घातली आहे असं बायको म्हणाली तरी ते आधी ढवळून बघत. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते खोटं नाही. म्हणूनच कळंबजवळच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मालकांनी, मारोतरावांनी, सात ट्रकांची जबाबदारी त्यांच्यावर टाकली होती.

कापसाचे भाव पडले होते, आजूबाजूची निम्मी जिनिंगं बंद होती. मारोतरावांनी डिझेल वाचवायचं ठरवलं आणि प्रत्येक ट्रकमध्ये जीपीएसची डबी बसली. गाडी कुठं थांबली, इंजिन किती वेळ फुकट चाललं, सगळं नंदकिशोररावांच्या पडद्यावर दिसू लागलं. त्यांना तर हर्षच झाला. त्यांनी मारेगावहून कापूस आणणाऱ्या गाड्यांचा क्रमही ठरवून टाकला. चांगलं ॲव्हरेज देणारी गाडी पुढं, जुनी खटारा सगळ्यात शेवटी. पूर्वी हा क्रम रोज बदलायचा.

शेवटची गाडी खेमसिंगची. बावीस वर्षांपासून इथंच असलेला जुना ड्रायव्हर. आणि त्याचीच गाडी रोज भर दुपारी राळेगावच्या अलीकडं, एका कडुनिंबाखाली, दहा-पंधरा मिनिटं उभी दिसायची. इंजिन चालू. आसपास गाव नाही, ढाबा नाही.

"डिझेल काढतो," मारोतराव म्हणाले. "शनिवारपर्यंत पुरावा आणा, नाहीतर तसाच काढून टाकतो त्याला."

नंदकिशोररावांनी खेमसिंगला बोलावलं. तो टोपी हातात धरून उभा राहिला.

"काहून थांबतोस रे तिथं?"

"साहेब, सगळेच थांबतात. त्यायले मिनिट लागते, मले जास्त लागते." खेमसिंगनं आवाज खाली आणला. "कापूस वेचणारी बाई व्हती एक. गाडीले हात दाखवत व्हती, कोणी घेतलं नाही. उन्हातच गेली. तवापासून निंबाखाली गाडी थांबवाची, डावं दार उघडाचं अन् म्हणाचं... जागा नाही माय, मागच्या गाडीनं ये."

"मग?"

"मंग दार लागते, नाहीतर लागतच नाही. पण मागं गाडी दिसली पायजे ना! पुढच्यायच्या मागं लाइन असते. मी तं शेवटचा. एस.टी. आरशात दिसेपर्यंत बसून राहतो. इंजिन बंद केलं तं चालूच होत नाही."

"आणि एस.टी.त बसते का ती?"

"तिथं कंडक्टर म्हणतेच ना, जागा नाही म्हणून," खेमसिंग म्हणाला. तो हसला नाही.

नंदकिशोररावांना मात्र हसू आलं. चोराच्या उलट्या बोंबा! माणूस चोरी लपवायला मेलेल्या बाईलाही कामाला लावतो, असं त्यांनी मनात म्हटलं.

शुक्रवारी ते मोटारसायकल घेऊन निघाले. तोंडाला दुपट्टा बांधलेला, डोळ्यांवर काळा चष्मा, घरच्यांनीही ओळखू नये असा अवतार. वाटेतल्या वडकीला ते खेमसिंगच्या गाडीची वाट बघत थांबले आणि मग बरंच अंतर ठेवून मागं लागले. ऊन असं होतं की रस्ता लांबवर थरथरताना दिसत होता. वारा पडलेला. पाखरूही बोलत नव्हतं.

कडुनिंबाखाली ट्रक थांबला. नंदकिशोररावांनी ब्रेक दाबला. आता निघेल नळी, आता निघेल कॅन, म्हणून ते टक लावून बघत राहिले. डावं दार उघडलं. खेमसिंग त्या बाजूला वाकला. मग त्यानं आरशात बघितलं आणि त्याचा मोकळा, सुटल्यासारखा आवाज उन्हातून इथपर्यंत आला.

"जागा नाही माय... मागच्या गाडीनं ये!"

दार लागलं. मिनिटभरात ट्रक निघूनही गेला.

नंदकिशोररावांनी झाडाखाली जाऊन जमीन हुंगली, धूळ उकरली. डिझेलचा थेंब नव्हता. होता तो तापलेल्या कापसाचा आणि घामाचा वास. एवढ्या उन्हात त्यांच्या मानेवर गार काटा आला. ते घाईनं गाडीवर बसले. पहिल्या गिअरमध्ये गाडी कण्हली. मागचं चाक दबल्यासारखं झालं. पंक्चर असेल म्हणून त्यांनी उतरून टायर दाबला, तर हवा टच्च.

चढ आला. गाडी पुढं जाईना. तो वास आता पाठीशी होता, अगदी कानाजवळ. खेमसिंग खरं बोलत होता आणि आपण त्याची भाकरी हिरावून घ्यायला निघालो होतो, हे त्यांना लख्ख कळलं आणि लाजही वाटली. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. जन्मभर प्रत्येक गोष्ट दोनदा तपासणाऱ्या त्या माणसानं या वेळी मात्र मागं वळून बघितलं नाही. डोळे मिटून घेतले.

"जागा नाही माय... मागच्या गाडीनं ये."

गाडी एकदम हलकी झाली, उडीच मारली तिनं. नंदकिशोररावांनी श्वास सोडला. संध्याकाळी मारोतरावांना सांगायचं, खेमसिंग निर्दोष आहे, त्याची नोकरी राहू द्या. हेही ठरलं.

तेवढ्यात मागून ओळखीचा हॉर्न वाजला.

त्यांची लेक, मिताली. गेल्या महिन्यातच राळेगावच्या पलीकडच्या शाळेत शिकवायला लागली होती, आज शाळा लवकर सुटलेली. स्कूटी चढावर रडत रडत येत होती.

"बाबा? गाडीच्या नंबरवरून ओळखलं. तुम्ही इथं कसे? आणि हा काय अवतार! बघा ना, माझी गाडी आत्ता एकाएकी ओढतच नाहीये."

नंदकिशोररावांनी वाकून बघितलं. स्कूटीचं मागचं सीट रिकामं होतं. मागचं चाक मात्र दबलेलं होतं. त्यांनी मोटारसायकल वळवली आणि लेकीच्या मागं नेऊन उभी केली.

"मिताली, मी सांगतो तसं म्हण. का म्हणून विचारू नकोस. म्हण, जागा नाही माय, मागच्या गाडीनं ये."

"कुणाला म्हणू?"

"म्हण गं पोरी... पाया पडतो तुझ्या."

मिताली त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं पुढं तोंड करून ते वाक्य म्हटलं, आणि क्षणभर मान कलती करून थांबली.

"बाबा," ती म्हणाली, "त्या म्हणतात, इथंच बरं आहे."