पहिलेवाली आणि दुसरेवाला

दुकान बंद व्हायला आलं की दारातून आत शिरणारं गिऱ्हाईक तिला शत्रूसारखं वाटायचं. त्या संध्याकाळीही तसंच झालं. बाहेर कंटाळल्यासारखी भुरभुर लागली होती, मालकाने पुढचे अर्धे दिवे मालवले होते, आणि दिवसभर उभं राहून ठणकणारे पाय तिने नुकतेच स्टुलावर टेकवले होते. तेवढ्यात तो आला. ओले खांदे, हातात हत्यारांची जड पिशवी, आणि चेहऱ्यावर असा शीण, की 'उद्या या' हे शब्द तिच्या ओठांवर येऊन तिथेच राहिले.

मागच्या अंधाऱ्या खोलीत ती डोळे तपासायची. तिने त्याला उंच खुर्चीवर बसवलं, नाकावर तपासणीची चौकट चढवली आणि काय त्रास होतो ते विचारलं. तो सांगू लागला. लिफ्ट दुरुस्त करतो, बारीक तारांचे रंग हल्ली एकमेकांत मिसळतात, संध्याकाळ झाली की कपाळ ठणकतं... एवढंच बोलला असेल, पण भिंगांच्या पेटीवरचा तिचा हात थबकला. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. नुसता ओळखीचा नव्हे — वर्षभर तिचं या आवाजाशी हाडवैर होतं.

त्याचं असं झालं होतं. 'राखमाणूस' नावाचा एक सिनेमा आला होता. जळून राख होणारा आणि त्याच राखेतून पुन्हा उभा राहणारा नायक. काम केलं होतं एका काटकुळ्या, अबोल नटाने, आणि दिग्दर्शकही तसाच, सावकाश गोष्ट सांगणारा. सिनेमा चालला. मग दुसरा भाग आला तो नवा दिग्दर्शक आणि नवा नट घेऊन. हा नट दारात उभा राहिला की दार भरून जाई, आणि दिग्दर्शकाला घडोघडी काहीतरी उडवून दिल्याशिवाय चैन पडत नसे. झालं! चाहत्यांत उभी फूट पडली. पहिलेवाले आणि दुसरेवाले. फोनवर दोघांचे भलेमोठे गट होते आणि सकाळ-संध्याकाळ एकमेकांची उणीदुणी काढणं चालू असे.

पहिलेवाल्यांचा गट ती चालवायची. खरं तर तिने आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याने मिळून तो सुरू केला होता. पुढे लग्न मोडलं, तो दुसऱ्या शहरात निघून गेला, आणि जाताना ही हजारो भांडकुदळ माणसं तिच्या पदरात टाकून गेला. अंगठी परत करता येते. गट कुणाला परत करणार?

गटात तिचं नाव होतं 'नळावरची'. पहिल्या भागात राखमाणूस शहर वाचवतो आणि मग एका सार्वजनिक नळावर आपला सदरा धुतो, पिळतो, आणि तो वाळेपर्यंत कठड्यावर उघडाच बसून राहतो. दिग्दर्शकाने ते दृश्य इतकं लांबवलं होतं की लोक उठून गेले होते. तिला मात्र सबंध सिनेमात तेच आवडलं होतं. दुसरेवाल्यांच्या हाती आयतंच कोलीत मिळालं. नळावरची म्हटल्यावर भांडणारच, असं ते म्हणत. आणि असं म्हणण्यात सगळ्यांच्या पुढे असे 'शाफ्टवाला'. तो लिहीत नसे, बोलून पाठवायचा. लांबलचक, तिखट, आणि — हे तिने कुणाजवळ कबूल केलं नसतं — ऐकत राहावं अशा आवाजात.

तो आता तिच्यासमोर मुकाट बसला होता.

तिने भिंग बदललं. "हे बरं दिसतं, की हे?"

"दोन्ही सारखीच वाटतायत."

"नीट बघा. पहिलं... की दुसरं?"

"नक्की नाही सांगता येत."

"कमाल आहे," ती न राहवून म्हणाली, "एरवी तर तुम्हांला दुसरंच बरं वाटतं."

खोलीत क्षणभर फक्त तक्त्यावरची अक्षरं काय ती उजळ होती. मग त्याने चौकटीसकट मान वळवली. एका डोळ्यावर काळी झाकणी, दुसऱ्यावर जाड भिंग.

"नळावरची?" त्याने हळूच विचारलं.

"मान सरळ ठेवा," ती म्हणाली. अंधार होता म्हणून बरं, नाहीतर तिचं हसू त्याला चष्म्याशिवायही दिसलं असतं.

चष्मा तयार झाला तेव्हा तो घ्यायला आला. पुढच्याच आठवड्यात दांडी सैल झाली म्हणून आला. मग नाकावर टोचतो म्हणून. मग पुन्हा दांडी. दर वेळी ती बारीक पेचकस घेऊन स्क्रू आवळायची, फडक्याने भिंगं पुसायची, आणि तोवर दुकान बंद व्हायची वेळ होत असे. बसथांबा दोघांचा एकच होता, निदान तो तसं म्हणायचा. वाटेत भांडण. ती म्हणायची, तुमचा नट राखेतून उठतो तेव्हा व्यायामशाळेतून आल्यासारखा दिसतो. तो म्हणायचा, तुमचा तर राख व्हायच्या आधीच राख झालेला असतो. एकदा दोघांची बस डोळ्यांदेखत निघून गेली आणि दोघांपैकी कुणीही हळहळलं नाही.

पण सगळ्यांत मोठा वाद होता तो लिफ्टचा. दुसऱ्या भागात दोर तुटून माणसांनी भरलेली लिफ्ट कोसळते आणि राखमाणूस शाफ्टमध्ये, लिफ्टच्या त्या उभ्या बोगद्यात, उडी घेऊन ती दोन हातांवर पेलतो. या दृश्यावरून तिने दुसरेवाल्यांची इतकी टर उडवली होती, आणि शाफ्टवाल्याने त्याची इतकी तळी उचलली होती, की दोन्ही गटांना ते तोंडपाठ झालं होतं. थांब्यावर तिने तो विषय काढला. तो पिशवीच्या बंदाशी चाळा करू लागला.

"ते साफ खोटं आहे," तो म्हणाला. "दोर एक नसतो, चार-पाच असतात. आणि सगळे तुटले तरी लिफ्ट पडत नाही. खालचे ब्रेक रुळांना धरतात. पेलायला कुणी लागत नाही."

"मग वर्षभर माझ्याशी भांडलास कशाला?"

'तुम्ही' म्हणायचं ती विसरली होती. त्याच्या ते लक्षात आलं, आणि लक्षात आलं हे तिच्याही.

मग त्याने सांगितलं. इतकी वर्षं तो हे काम करतोय, पण आईला त्याचं काम म्हणजे नेमकं काय ते कधी कळलं नव्हतं. कपडे इतके कसे मळतात म्हणून ती चिडायची. दुसरा भाग तो तिला दाखवायला घेऊन गेला. पडद्यावर तो काळा, खोल शाफ्ट उघडला आणि आईने अंधारात त्याचा हात घट्ट धरला. 'तू असल्या जागेत उतरतोस?' एवढंच तिने विचारलं. दुसऱ्या दिवसापासून तो घरी आला की आंघोळीला पाणी तापवून ठेवलेलं असायचं.

"सिनेमा वाईटच आहे," तो म्हणाला. "पण त्याला कुणी वाईट म्हटलं की मला गप्प बसवत नाही."

बस आली तेव्हा ती त्याच्या शेजारी बसली, आणि तिने डोळे मिटून घेतले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या मानेवरचं ओझं कुणीतरी अर्धं उचलल्यासारखं तिला वाटलं.

तिसऱ्या भागाची बातमी आली आणि सगळ्यांचंच डोकं फिरलं. दिग्दर्शक पहिला, नट दुसरा! म्हणजे कुणाचंच समाधान नाही. पहिलेवाले म्हणाले, आमचा दिग्दर्शक त्यांच्या नटाच्या दंडांखाली चिरडला जाणार. दुसरेवाले म्हणाले, आमच्या नटाला आता नळावर बसवणार. सिनेमावर बहिष्कार टाकायचा, एवढ्या एका गोष्टीवर दोन्ही बाजूंचं एकमत झालं. त्याच धामधुमीत तिच्या गटातल्या कुणीतरी, थांब्यावर त्याचा आवाज ओळखून, दोघांचा फोटो टाकला. एक छत्री, तिच्याखाली नळावरची आणि शाफ्टवाला. खाली एकच शब्द होता: फितुरी.

माणसं तुटून पडली. ती उत्तर लिहायला बसली. तेवढ्यात त्याचा नेहमीसारखा बोललेला निरोप दोन्हीकडे फिरला. दुपारच्या सुट्टीत तिने तो कानाला लावला. माझ्या चष्म्याची दांडी सैल होती, ती त्या दुकानात डोळे तपासते, मी गिऱ्हाईक, असं तो अगदी शांतपणे सांगत होता. शेवटी म्हणाला होता, "बाकी काही नाही."

आपल्याला वाचवण्यासाठीच तो हे बोलला, हे न कळण्याइतकी ती खुळी नव्हती. तरीही डबा तिने तसाच झाकून ठेवला.

मग तो यायचा थांबला. आता आला असता तर खोटं उघडं पडलं असतं. ती रोज माणसांच्या नाकांवर चौकटी चढवायची, अक्षरं वाचून घ्यायची, घरी जाऊन पडायची. वहिनीने एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता विचारलं, "कुणाशी भांडलीस का?"

"नाही गं."

"तेच म्हटलं. भांडतेस तेव्हा बरी असतेस."

वहिनी सहज बोलून गेली, पण ते शब्द तिच्या मनात रुतून बसले. गट सांभाळायचा कशासाठी? सोडून गेलेल्या माणसाने मागे टाकलेलं भांडण, ते तिने इतके दिवस मुकाट ओढलं होतं. आणि ज्याच्याशी भांडताना जीव हलका व्हायचा, त्याला 'बाकी काही नाही' म्हणावं लागलं होतं. तिने फोन घेतला आणि गटावर लिहिलं:

'दांडी पहिल्या खेपेलाच काय ती सैल होती. पुढे ती चांगली घट्ट होती. तो उगाच आणायचा, मी उगाच आवळायचे. तिसरा भाग मी बघणार आहे. दुसराही मी गुपचूप पुन्हा पाहिलाय आणि लिफ्टच्या वेळी रडलेय. गट ज्याला हवा त्याने घ्या.'

फोन बंद करून तिने तो पिठाच्या डब्यामागे ठेवला आणि पोळ्या भाजायला उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुकानाचे अर्धे दिवे मालवल्यावर तो दारात उभा राहिला. मालकाने एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि गल्ला आवरायला पाठ फिरवली.

"काय बिघडलं?" तिने विचारलं. आवाज कोरडा ठेवायचा तिचा प्रयत्न होता.

"काही नाही. आज काही बिघडलेलं नाही." तो अडखळला. "ते... तसं मी तुझ्यासाठी म्हणालो होतो."

"माहीत आहे. म्हणून तर जास्त राग आला."

"मग आता काय म्हणू?"

"खरं असेल ते. फोनवर नको... इथे म्हण."

त्याने पिशवी खाली ठेवली. "लोक मला कुठेतरी काही बंद पडलं तरच बोलावतात. दिवसभर तेच. इथे मात्र... काही बंद पडलेलं नसताना यावंसं वाटतं. रोज."

तिने हातातल्या फडक्याची घडी केली. पुन्हा उलगडली. पुन्हा घडी केली.

"मग येत जा ना," ती म्हणाली.

तिसरा भाग लागला तेव्हा तिच्या सुट्टीच्या दिवशी दोघं दुपारच्या खेळाला गेली. बहिष्कार घालणारी बरीच मंडळी तोंडं लपवून आधीच बघून गेली होती; थिएटर अर्धं रिकामं होतं. त्याने आदल्या रात्री जादा पाळी केली होती, तिने ओळीने सहा दिवस दुकान केलं होतं. आत गार होतं, खुर्च्या मऊ होत्या. नावं पडद्यावर येत असतानाच तिचं डोकं त्याच्या खांद्यावर कललं, आणि तिच्या केसांवर गाल टेकून तोही गाढ झोपला.

दिवे लागले तेव्हा झाडूवाल्या मावशी शेजारच्या रांगेत येऊन उभ्या होत्या. त्यांनी दोघांना हलवून उठवलं आणि हसत विचारलं, "कसा होता?"

"बरा होता," तो डोळे चोळत म्हणाला.

"काहीतरीच! दिग्दर्शकाने पार माती केली," ती म्हणाली.

आणि बसथांब्यापर्यंत दोघं त्यावरून कडाकडा भांडत गेली.