वाघोलीच्या बागेतला जिवंत दगड

या मंडळी, सतरंजीवर असे पुढे सरका. मागे बसलात तर चोर निसटेल, आणि मग बोल मला लावाल! गोष्ट आहे वाघोलीजवळच्या तात्यारावांच्या बागेची. निवांत ऐका.

हडपसरच्या एका सोसायटीची मंडळी रविवारी ती बाग पाहायला गेली. जाड, रसाळ पानांत पाणी साठवणारी नाना तऱ्हेची झाडं तिथं होती. सहल ठरवली होती चेतननं. त्याच्या गॅलरीतही अशीच झाडं. सोबत खाजगी गुप्तहेर नीरजाताई आणि त्यांचा मदतनीस शुभंकर. शुभंकर मनानं सरळ, डोकं मात्र जरा उशिरा चालणारं.

चहाचे कप हातात पडतात तोच तात्याराव ओरडत आले.

"फाटक बंद करा! माझा जिवंत दगड गेला!"

जिवंत दगड म्हणजे हुबेहूब गोट्यासारखं दिसणारं दुर्मिळ रोप. तात्यारावांनी ते सकाळीच कुंडीतून काढलं, मुळं छाटली आणि खडीच्या वाफ्याच्या कडेला सुकत ठेवलं होतं.

"आणि हाच सकाळी ते मागत होता!" त्यांचं बोट चेतनवर.

"काका, मागितलं होतं. चोरलं नाही."

"वा! चोर काय पाटी लावून फिरतो? पोलिसांनाच बोलावतो."

चेतनचा चेहरा उतरला. आजूबाजूचे शेजारी नकळत दोन पावलं सरकले. शुभंकरला ते बघवेना.

"ताई, त्याची बॅग बघतो, म्हणजे संशय फिटेल."

बॅगेत डबा, टोपी आणि पाण्याची बाटली.

"बुटात लपवलं असेल का हो?"

"तुझी अक्कल कुठं लपलीय ते आधी शोध," नीरजाताई म्हणाल्या आणि सोसायटीतल्याच पुष्करकडे वळल्या. "वाफ्यापाशी तुम्ही फोटो काढत होतात ना?"

"हो. हा शेवटचा फोटो बघा, रोप जागेवर आहे. मी निघालो तेव्हा तिथं फक्त द्वारकाकाकू होत्या. चेतन तर माझ्याबरोबरच चहाला आला."

द्वारकाकाकू सोसायटीतल्याच, मूळच्या नांदेडकडच्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा.

"बाई गं, देवाची आण! मी एका पानालासुद्धा हात नाही लावला."

"काकू, बोटाला काय लागलंय? रक्त?" शुभंकरनं विचारलं.

"कुंकू आहे ते. विहिरीपाशी जाऊन आले."

नीरजाताई हसल्या. "चला, सगळेच जाऊ."

"विहिरीत टाकलं?" शुभंकर दचकला.

विहिरीच्या सिमेंटच्या कठड्यावर सात गोटे ओळीनं मांडलेले. प्रत्येकावर हळदकुंकू, पुढे उदबत्ती.

"आपण रोप शोधत होतो," नीरजाताई म्हणाल्या, "आणि काकू खरंच बोलत होत्या. त्यांनी रोप नाही, दगड उचलला. त्यांच्याकडे पाणी दिसलं की साती आसरा पुजतात, पाण्याच्या सात देवता. त्यांना सात गोटे हवेत. इथं सगळं सिमेंट. गोटे मिळणार फक्त खडीच्या वाफ्यात. पुष्कर गेल्यावर तिथं त्या एकट्याच होत्या, आणि काळ्या चष्म्यातून सगळे गोटे सारखेच. रोपाची मुळंही छाटलेली, मग हाताला कळणार कसं? शुभंकर, एकेक हलकेच दाबून बघ."

शुभंकरनं दाबत दाबत पाचव्यावर बोट ठेवलं. "ताई, ही आसरा मऊ आहे!"

"अगं बाई! रोपालाच देवी केलं मी!" काकूंनी कपाळाला हात लावला. मंडळी खो खो हसली.

तात्यारावांनी हात पुढे केला. काकूंनी अडवलं. "थांबा हो. पुजलेली आहे. आधी नमस्कार, मग काय ते."

तात्यारावांनी निमूट हात जोडले. काकूंनी त्या जागी दुसरा गोटा बसवला आणि रोप पदरानं पुसून त्यांच्या ओंजळीत ठेवलं. ते घेऊन तात्याराव चेतनपाशी गेले.

"पोरा, जीभ घसरली माझी. हे रोप तूच लाव. वाढव."

"काका, घरी नको. इथंच लावू या, मी येत जाईन."

दोघं कुंडीपाशी वाकले. शेजारीपाजारी हळूहळू जवळ आले. कुणी माती दिली, कुणी खडी.

तर मंडळी, उद्या कुणावर आळ येईल आणि तुमचे पाय आपसूक मागं सरकू लागतील, तेव्हा या चेतनची आठवण ठेवा.